विज्ञान कुणाच्या प्रश्नाला उत्तर देते?

विज्ञान, यंत्र, पर्यावरण आणि त्यांवर होणारा सरकारी खर्च या विषयांवर मत नसलेला माणूस आज शोधून सापडणार नाही. एके काळी ही चर्चा विद्यापीठांच्या परिसंवादांत चाले. आता ती एस.टी.च्या बाकावर चालते, चौदा एप्रिलच्या मांडवात चालते, ग्रामसभेत चालते. हे चांगलेच झाले. मात्र ज्या मतांना आपण सहज बोललेली म्हणून सोडून देतो, त्यांचाच पुढे ठराव होतो, ठरावाचा निधी होतो, आणि नळाचे पाणी कोणत्या वाडीपर्यंत जायचे हे त्या निधीवर ठरते. म्हणून अशी मते तपासून घेणे हे परिवर्तनाच्या चळवळीचे काम आहे.

मी मंडणगड तालुक्यात शिक्षकी करतो आणि कार्यकर्त्यांत वावरतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा हा तालुका. एका अंगाला सावित्रीची खाडी, तिच्या मुखाशी बाणकोट, आणि आत डोंगरात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. रेल्वे येथून जात नाही. घरटी एक तरी माणूस मुंबईला आहे. या तालुक्यात पुन्हा पुन्हा कानावर पडणारी चार मते या लेखात घेतली आहेत. ती आपल्या माणसांचीही आहेत आणि आपल्याला शिकवू पाहणाऱ्यांचीही आहेत. प्रत्येकात थोडे सत्य आहे. पण एक प्रश्न चारही मते टाळतात: विज्ञानापुढे प्रश्न मांडायचा अधिकार कुणाच्या हाती आहे?

१. "जुने खेडे बरे होते, यंत्राने सारे बिघडवले"

हे मत बहुधा गावात न राहणाऱ्याचे असते. सुट्टीत कोकणात यावे, जांभ्याच्या चिऱ्यांचे घर पाहावे, विहिरीचे गार पाणी प्यावे आणि यंत्रयुगाला दोष द्यावा. त्या विहिरीवर कुणाला कळशी बुडवता येत नव्हती, हे त्या आठवणीत येत नाही. त्या घराचा चिरा कुणी डोक्यावरून वाहिला, हेही येत नाही.

कोकणचे जुने खेडे म्हणजे खोती. जमिनीवर खोताचा हक्क, कुळाकडे कष्ट, आणि कुळाच्याही खाली वतनाच्या नावाखाली राबणारा महार. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली १९५८ च्या कायद्याने. ज्या व्यवस्थेतून सुटण्यासाठी आपल्या मागच्या पिढ्या पलटणीत, गोदीत आणि गिरण्यांत गेल्या, ती व्यवस्था गोड होती असे त्यांच्या नातवंडांनी कशासाठी मानावे?

यंत्राविषयी बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना त्यांनी जमिनीवरचा जास्तीचा भार उद्योगांकडे वळवणे हाच उपाय सांगितला. १९४५ साली काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी म्हटले की, माणसाला पशूच्या जिण्यातून वर काढायचे तर त्याला फुरसत हवी आणि यंत्राखेरीज बहुजनांना फुरसत मिळणे शक्य नाही. यंत्रयुगात जी दुःखे दिसतात त्यांचा दोष त्यांनी यंत्राला दिला नाही. यंत्राची मालकी मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेला दिला.

फुरसत हा शब्द येथे नीट समजून घ्यावा. पहाटे उठून जात्यावर दळायचे, उखळात भात कांडायचे, मग घाटी चढून दोन हंडे पाणी आणायचे, आणि तेव्हा मजुरीला जायचे, असा जिचा दिवस होता त्या बाईला वाचायला वेळ कुठून मिळणार? दळणाची चक्की गावात आली तेव्हा तिच्या आयुष्यातले काही तास परत आले. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. पुढे तीच गाडी आडगावांपर्यंत पोचली, आणि तिकीट काढलेला माणूस कुणाच्याही शेजारी बसू लागला. जातीने उभे केलेले अंतर यंत्राने काही ठिकाणी नकळत मोडले आहे.

पण यंत्र आपण होऊन समता आणत नाही, हेही तितकेच खरे. कोयनेचे उदाहरण घ्या. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवले, ते पश्चिमेकडे पोफळीच्या बाजूला सोडले आणि त्या उतारावर वीज निर्माण केली. १९६२ पासून हा प्रकल्प चालू आहे व त्याची क्षमता आज १९६० मेगावॉट आहे. लवादाने या पश्चिमवाहिनी पाण्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट एवढी मर्यादा घातली. वीज झाल्यावर उरलेले अवजल वाशिष्ठीत पडते आणि बहुतांशी समुद्राला मिळते. त्याच रत्नागिरी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांना टँकर लागतो. यात यंत्र नादुरुस्त आहे असे कुणी म्हणणार नाही. ज्यांनी ते योजले त्यांच्यापुढे प्रश्न विजेचा होता. वाडीच्या हंड्याचा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता.

व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ या काळात श्रमखाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि नौकानयन ही चारही कामे एकाच खोऱ्यात एकत्र व्हावीत, ही त्या योजनेची दृष्टी होती. त्याच काळात दामोदर पूर चौकशी समितीत मेघनाद साहा हे पदार्थवैज्ञानिक होते. १९२० साली ताऱ्यांच्या वातावरणातील आयनीभवनाचे समीकरण मांडून जगभर गाजलेल्या या माणसाला विद्यार्थिदशेत कलकत्त्याच्या वसतिगृहात खालच्या जातीचा म्हणून वेगळे वागवण्यात आले होते. जातीचा चटका बसलेली दोन माणसे नदीच्या शास्त्राकडे वळली, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. पुढे दामोदर आणि हिराकुड येथे गावे उठली, त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते. तो हिशेबही आपण विसरू नये. धरण हवे म्हणणाऱ्याने धरणाखाली कोण जाते हे विचारलेच पाहिजे.

२. "पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे चोचले"

आपल्या तरुणांत हे मत जोरात आहे. त्यामागचा राग मला समजतो. झाडे वाचवा म्हणणाऱ्याच्या तोंडी माणसे वाचवा हे क्वचित येते. कारखाना आला तर चार नोकऱ्या मिळतील, ही आशा बेकार मुलाला चूक वाटत नाही आणि तिला चूक म्हणण्याचा अधिकार पगारदाराला नाही. पण पर्यावरण म्हणजे फक्त वाघ आणि रानफुले, ही समजूत ज्यांनी पसरवली त्यांचीच भाषा आपण का उचलावी?

मंडणगडात पर्यावरणाचा पहिला अर्थ पाणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरी उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. याचे कारण जमिनीत आहे. वरचा जांभा सच्छिद्र, त्यात पाणी झरझर मुरते. खाली काळा पाषाण, तो पाणी फारसे आत घेत नाही. दोहोंच्या सांध्यावरून पाणी वाहत जाऊन डोंगराच्या कडेला झरा म्हणून बाहेर पडते. नद्या आखूड, उतार तीव्र. वरचे रान तुटले, वणव्याने माती उघडी पडली, की पाणी मुरण्याऐवजी ओढ्यात जाते आणि झरा माघातच आटतो. ज्याच्याकडे विंधन विहीर खणायला पैसे आहेत तो खोल जातो. ज्याचा पाणवठा तो झराच आहे, त्याची बाई टँकरची वाट पाहते. तेव्हा डोंगरावरचे रान हा सर्वांत आधी गरिबाच्या हंड्याचा प्रश्न आहे.

दुसरा अर्थ खाडी. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया करून सावित्रीच्या खाडीत सोडले जाते. खाली म्हाप्रळ-बाणकोटच्या बाजूला मासेमारीवर जगणारे लोक वर्षानुवर्षे मासळी कमी झाल्याची तक्रार करतात. येथे शास्त्र थोडे जाणून घ्यावे. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासा गुदमरतो. खाडीचे पाणी नदीसारखे एका दिशेने वाहून जात नाही, भरती ते दिवसातून दोनदा मागे ढकलते. म्हणून नुसती प्रक्रिया केली एवढे पुरत नाही, पाणी भरतीच्या वेळी सोडले की ओहोटीच्या, यावर बरेच अवलंबून असते. नमुना भरतीच्या पाण्यात घेतला तर दोष कमी दिसतो, ओहोटीला घेतला तर अधिक. त्यामुळे नमुना केव्हा, कुठे आणि कुणाच्या समक्ष घेतला, हे विचारणे हा अडाण्याचा हट्ट नाही. तो शास्त्रशुद्ध प्रश्न आहे.

महाडचे नाव आले की चवदार तळे आठवणारच. १९२३ चा बोले ठराव आणि १९२४ चा महाड नगरपालिकेचा निर्णय यांनी तळे कागदावर खुले झाले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सत्याग्रहींसह ते पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध व दही भरलेल्या घागरी तळ्यात बुडवल्या आणि मंत्र म्हणून तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. ज्या तळ्यावर जनावरे चालत होती ते माणसाच्या ओंजळीने बाटले आणि शेणाने शुद्ध झाले! पाण्याची शुद्धता पाण्यात न पाहता पिणाऱ्याच्या जन्मात पाहण्याची ही रीत. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये निकाल आपल्या बाजूने दिला. विज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर त्या लढ्याने पाणी हा वस्तुस्थितीचा विषय केला. आज त्याच सावित्रीच्या पाण्यात काय मिसळते हे विचारणे, हा त्या सत्याग्रहाचाच पुढचा टप्पा आहे असे मी मानतो.

तिसरा अर्थ आपत्ती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याला धडकले आणि मंडणगड, दापोली या तालुक्यांत नारळी-पोफळी, आंबा, काजू आडवे झाले, घरांचे पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस गेली. सरकारने बागायतीची मदत वाढवून हेक्टरी पन्नास हजार रुपये केली. मदत मिळाली ती योग्यच झाले. पण हेक्टरची मदत सातबाऱ्यावर चालते. झाड बागायतदाराचे पडले, आणि त्या झाडावर चढणारा, आंबा उतरवणारा, पेटी भरणारा जो मजूर होता त्याचा पुढच्या कित्येक वर्षांचा हंगाम पडला. त्याचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नव्हते. वाऱ्याला जात नसते, पण पंचनाम्याच्या कागदाला रकाने असतात आणि त्या रकान्यांत भूमिहीन मावत नाही.

मंडणगड तालुक्यातल्याच वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने सागरी कासवांची घरटी राखली. आता पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात, गावात उतरतात, जेवतात, आणि त्यातून घरांना उत्पन्न मिळते. संरक्षण आणि पोट यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही, हे यावरून दिसते. अशी कामे पुढे वाढतील तेव्हा त्यांतले उत्पन्न गावाच्या कडेच्या वाडीपर्यंत पोचावे, एवढी जागरूकता कार्यकर्त्यांनी ठेवावी.

पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. त्यातील विभागरचनेवर वाद झाले. पण अहवालातील एक नोंद आपल्या जिल्ह्याची आहे आणि ती कुणी फारशी सांगत नाही. २००७ ते २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदीचे आदेश लागू होते. प्रदूषणाविरुद्ध लोकांनी एकत्र जमू नये यासाठी या आदेशांचा उपयोग झाला, असे समितीने दाखवून दिले. ज्या लोकांना पर्यावरण हा चोचला वाटायला हवा होता, ते रस्त्यावर येत होते आणि त्यांना पाचांच्या वर जमू दिले जात नव्हते. मग चोचले कुणाचे?

३. "चंद्रावर यान, गटारात माणूस, हा पैसा कशाला?"

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. शाळेत मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "सर, सहाशे कोटींत किती गटारे यंत्राने साफ झाली असती?" प्रश्न जिव्हारी लागणारा आहे. त्याचे उत्तर मात्र घाईने देऊ नये.

आधी आकडे पाहू. संशोधन आणि विकासावर भारत २०२०-२१ साली सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करत होता. चीनचे प्रमाण त्या काळात २.४ टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरियाचे त्याच्या जवळपास दुप्पट. आपला देश विज्ञानावर पैसा उधळतो हे म्हणणे आकड्यांना धरून नाही. शिवाय अवकाशातला पैसा सारा अवकाशात जात नाही. निसर्ग वादळ येते आहे हे आदल्या दिवसांत कळले ते उपग्रहांच्या चित्रांमुळे आणि हवामान खात्याच्या अंदाजामुळे. त्यामुळे किनाऱ्यावरची माणसे हलवता आली. कच्च्या घरातला माणूस आधी मरतो, म्हणून पूर्वसूचनेचा पहिला लाभार्थीही तोच असतो. विज्ञानाचा निधी कापा असे आपण म्हणालो, तर पहिली कात्री आपल्याच छपरावर बसेल.

मग गटारात माणूस का उतरतो? पैसा नाही म्हणून? यंत्र नाही म्हणून? केरळमधील तरुण अभियंत्यांनी तयार केलेले मैला काढणारे यंत्र २०१८ पासून वापरात आहे. जोराने पाणी मारणाऱ्या आणि मैला शोषणाऱ्या गाड्या त्याहून जुन्या. कायदे दोन झाले, १९९३ चा आणि २०१३ चा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबाला दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तरीही जुलै २०२३ मध्ये लोकसभेत दिलेल्या सरकारी उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत गटारे आणि मैल्याच्या टाक्या साफ करताना ३३९ माणसे मेली.

ती कशी मरतात हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावे. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून टाकीच्या तळाशी साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखी घाण येते. जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि आता वास येत नाही, म्हणजे धोका टळला, असे आतल्या माणसाला वाटते. तिथेच तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. बऱ्याच घटनांत दोन-तीन प्रेते निघतात ती यामुळे. उतरण्यापूर्वी हवा मोजणारे उपकरण हातात धरता येते एवढे लहान असते आणि एका जिवाच्या भरपाईपेक्षा कितीतरी स्वस्त असते. तरी ते नसते, कारण ज्या कामासाठी एका जातीचा माणूस रोजावर मिळतो त्या कामाचे यंत्र कुणी विकत घेत नाही. हा तंत्रज्ञानाचा अभाव नाही. जातीने माणूस इतका स्वस्त करून ठेवला आहे की यंत्र महाग वाटते.

आपल्या खेड्यांतही हा प्रश्न आला आहे. २०१४ नंतर घरोघरी शौचालये झाली. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय ही चांगली रचना आहे. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. बंद ठेवलेल्या खड्ड्यातला मैला दीड-दोन वर्षांत कुजून वास नसलेले खत होते व ते कुणीही काढू शकते. यात भंगी लागत नाही, हेच तिचे मोठेपण. परंतु अनेक लोक दोन लहान खड्ड्यांऐवजी एक भलीमोठी टाकी बांधतात, कारण खत झाले तरी आपण हात लावायचा नाही, हे मनात पक्के असते. ती टाकी कधीतरी भरणार आणि ती उपसायला कुणाला बोलावणार? चांगले तंत्र जातीच्या मनाने नाकारले, तर पुढच्या पिढीसाठी नवा भंगी तयार होतो. विज्ञानाच्या निधीत या मनाच्या अभ्यासाला जागा असायला हवी.

म्हणून त्या तरुणाला मी म्हणालो की यानाचे पैसे काढून घेण्याची मागणी करू नकोस. यान उतरवायचे असे देशाने ठरवले, त्यासाठी माणसे नेमली, मुदत घातली, अपयश आले तेव्हा पुन्हा पैसा दिला. २०१९ साली चंद्रयान-२ चे अवतरण फसले तेव्हा कुणी प्रकल्प गुंडाळला नाही. हाच निश्चय गटाराविषयी का होत नाही, हे विचार.

आणि निधी कुठे चालला आहे तेही पाहा. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभे राहिले. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभारायचे, त्यांपैकी चौदा हजार कोटी सरकारचे आणि उरलेले मुख्यतः खाजगी क्षेत्राकडून, अशी त्याची आखणी सांगण्यात आली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने एक लाख कोटींची आणखी एक योजना मंजूर केली, ती खाजगी उद्योगांच्या संशोधनाला स्वस्त आणि दीर्घ मुदतीचे भांडवल पुरवण्यासाठी. उद्योगाचा पैसा उद्योगाचा प्रश्न विचारणार, यात नवल नाही. पण मैल्याच्या टाकीत आणि आटलेल्या झऱ्यात नफा नाही. ते प्रश्न सरकारी पैशानेच सुटायचे.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे उदाहरण जवळचे आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्रातून १९८१ साली रत्ना ही आंब्याची संकरित जात आली. काजूच्या वेंगुर्ला जाती गाजल्या. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कातळावर बागा उभ्या राहिल्या. कोकणचे उत्पन्न वाढले, हे मान्य. पण बाग लावायला नावावर जमीन लागते. याच विद्यापीठाने ओढ्यातले दगड आणि प्लॅस्टिकचा कागद वापरून बांधायचा कोकण विजय बंधाराही दिला. थोड्या खर्चात, गावच्या श्रमाने होणारे हे काम. वाडीच्या पाण्याचा प्रश्न पुढे ठेवला की शास्त्रज्ञ वाडीला परवडणारे उत्तर शोधू शकतात, याचा हा पुरावा आहे.

४. "विज्ञानाला जात नसते"

हे मत सुशिक्षितांचे. गुरुत्वाकर्षण ब्राह्मणाला आणि महाराला सारखेच, असे ते हसून सांगतात. नियमाला जात नसते, हे निर्विवाद. त्याच कारणाने विज्ञान आपल्याला जवळचे वाटते. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, हे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी आहोत.

पण नियम आणि योजना यांत अंतर आहे. नळयोजनेचा नकाशा घ्या. टाकी गावठाणाच्या वरच्या अंगाला बांधतात. मुख्य नळ तिथून निघतो. लांबी वाढते तसा घर्षणाने दाब घटतो, प्रत्येक जोडणीवर आणखी घटतो, आणि वाडी चढावर असेल तर शेवटी थेंब उरत नाही. २०१९ पासूनच्या जलजीवन मोहिमेत माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे. बौद्धवाडीत नळ आले, फोटो निघाले, पण पाणी आले नाही, अशी वाडी मी पाहिली आहे. अभियंता म्हणतो, हे जलशास्त्र आहे, यात जात कुठे आली? त्याचे गणित बरोबर आहे. पण कोणती वाडी नळाच्या टोकाला असावी हे जलशास्त्राने ठरवले नव्हते. गावाने पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कडेला ठेवले, त्यांना नकाशानेही कडेला ठेवले. वाडीसाठी वेगळी लहान टाकी बांधता आली असती, किंवा झडपा बसवून वेळा वाटून देता आल्या असत्या. जलशास्त्रात याची उत्तरे आहेत. ती मागणारा माणूस आखणीच्या बैठकीत नव्हता.

हीच गोष्ट वरच्या पातळीवर. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा २०१९ साली झाला. त्याच्या परिशिष्टात काही संस्था वगळल्या आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, बंगळूरचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र ही त्यांतली काही नावे. उत्कृष्टता हे त्यामागचे कारण. म्हणजे गुणवत्ता आणि आपण यांची भेट होऊ शकत नाही, हे कायद्याने गृहीत धरले! मेघनाद साहांच्या देशात हे गृहीत धरले जाते, याचे वाईट वाटते.

आणि सत्तेला विज्ञान किती प्रिय असते तेही पाहा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, वीसहून अधिक माणसे गेली. गळतीच्या तक्रारी लोकांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी कारण सांगितले की खेकड्यांनी धरण पोखरले. २०२१ च्या जुलैत मंडणगडातील पणदेरी धरणाला गळती लागली आणि खालच्या वाड्यांतील लोकांना रात्रीतून हलवावे लागले. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे १९७६ पासून राज्यघटनेच्या ५१ (अ) कलमानुसार नागरिकाचे कर्तव्य आहे. ते मंत्र्यांनाही लागू असावे.

५. आपण काय करायचे

विज्ञानाला नकार देणे आपल्याला परवडणारे नाही आणि त्याच्या आरतीची थाळी धरणेही शोभणारे नाही. कोणतीही योजना समोर आली की चार प्रश्न विचारावेत. हा प्रश्न कुणी मांडला? श्रम आणि धोका कुणाचा? लाभ कुणाच्या उताऱ्यावर जातो? घाण कुणाच्या दारात पडते? धरण, कारखाना, बाग, कासव, यान, गटार, साऱ्यांना हीच कसोटी लावावी.

त्यासाठी साधने हाताशी आहेत. नळयोजनेचा नकाशा आणि अंदाजपत्रक माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने मागता येते. ते मागावे आणि वाडीच्या टोकाला पाण्याचा दाब किती धरला आहे ते पाहावे. जलजीवन मोहिमेत गावोगावी पाणी तपासण्याचे संच दिले आहेत आणि पाच बायकांना ते वापरायला शिकवायचे असा नियम आहे. त्या पाचांत बौद्धवाडीची एक तरी असावी, असा आग्रह ग्रामसभेत धरावा. त्या संचात जिवाणूंची एक लहान बाटली येते. तिच्यात पाणी भरून दिवसभर ठेवायचे. पाणी काळे झाले तर त्यात मैल्याचे जिवाणू असण्याचा संभव मोठा. उत्तर यायला मंत्र लागत नाही, जात लागत नाही, पदवीही लागत नाही.

१९२७ साली तळे कुणाच्या ओंजळीने बाटते हे दुसरे लोक ठरवत होते. आज वाडीतली एखादी मुलगी ती बाटली उजेडाकडे धरते, पाण्याचा रंग वहीत लिहिते आणि ती वही घेऊन ग्रामसभेत उभी राहते. सरपंचाला तिच्या वहीला उत्तर द्यावे लागते. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी या पावसाळ्यापासून अशा वह्या सुरू कराव्यात. पुढचे प्रश्न त्या वह्यांतून निघतील आणि ते आपले असतील.